ठोका कुठे पडतो? रेकॉर्डिंग ग्रिडवर बसवताना

(या भागाचं हे लेखी रूप. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आज विषय जरा तांत्रिक आहे, पण घरी बसून गाणी करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी त्याला तोंड द्यावंच लागतं. हाताने वाजवलेलं एक रेकॉर्डिंग आहे. ते संगणकातल्या टेम्पोच्या ग्रिडवर बसवायचंय. म्हणजे त्यातले ठोके शोधायचे, तिथे कापायचं, आणि तुकडे सरकवून रेषांवर लावायचे. हे कसं होतं, आणि कुठे बिघडतं?

निमित्त एका श्रोत्याच्या प्रश्नाचं. त्याच्याकडे एका वयस्कर ढोलकीवादकाचं चार मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. कानात क्लिक नव्हता, नुसता ठेका धरून वाजवलेलं. त्याला त्यावर सिंथचा बेस आणि कीबोर्ड चढवून गाणं करायचंय. त्याने सॉफ्टवेअरला सांगितलं, सगळे ठोके शोध आणि सोळाव्या भागाच्या ग्रिडवर बसव. बसले. आता तो म्हणतो, "प्रत्येक ठोका रेषेवर आहे, पण ढोलकी यंत्राची वाटते. कुठलं सेटिंग चुकलं?"

तर सेटिंग काहीच चुकलेलं नाही. सांगितलं ते त्याने केलं. प्रश्न आहे आपण काय सांगितलं याचा. आणि ते समजायला आधी बघू, संगणकाला ठोका 'ऐकू' कसा येतो.

ठोका आणि मात्रा या दोन गोष्टी आहेत

संगणकाकडे असतात फक्त आकडे. सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० आकडे. त्यात 'धा' कुठे आणि 'ना' कुठे हे लिहिलेलं नसतं. मग सॉफ्टवेअर काय करतं? आवाजाच्या छोट्या छोट्या खिडक्या करतं. समजा एका खिडकीत १०२४ आकडे, म्हणजे साधारण २३ मिलिसेकंद. प्रत्येक खिडकीत कुठल्या पट्टीतला आवाज किती आहे ते मोजतं, आणि आधीच्या खिडकीपेक्षा किती वाढला ते बघतं. एकदम वाढला की आलेखावर शिखर दिसतं. ठरलेल्या उंचीच्या वरची शिखरं निवडायची, की झाली ठोक्यांची यादी. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये जो 'सेन्सिटिव्हिटी'चा स्लायडर असतो ना, तो ही उंची वरखाली करतो. इतकंच.

आता यात गंमत बघा. या पद्धतीने सापडतो तो ठोका, म्हणजे आवाज सुरू होण्याची जागा. मात्रा सापडत नाही. मात्रेवर ठोका नसला तरी मात्रा असतेच. आणि दोन मात्रांच्या मध्ये भरपूर ठोके असू शकतात. आपल्याकडे तालाचे प्राथमिक धडे घेतलेल्या मुलालाही हे माहीत असतं, कारण तो हातावर टाळी आणि खाली मोजतो. खालीला हात उघडा पडतो, आवाज होत नाही, पण मोजणं थांबत नाही.

म्हणून मात्रा शोधण्यासाठी दुसरी पायरी लागते. ठोक्यांची शिखरं किती अंतराने परत परत येतात ते बघून आधी टेम्पोचा अंदाज घ्यायचा. मग अशा जागांची साखळी निवडायची, की शिखरंही जास्तीत जास्त सापडतील आणि अंतरही शक्य तितकं सारखं राहील. डॅन एलिस या संशोधकाने २००७ साली ही पद्धत फार स्वच्छ मांडली, आणि पायथनमध्ये काम करणारे जे 'लिब्रोसा' वापरतात त्यातला मात्रा शोधणारा भाग तिच्यावरच उभा आहे.

ही पद्धत ठरलेल्या ठिकाणी घसरते. पहिली घसरण, दुप्पट किंवा निम्मा टेम्पो. तुम्हाला ७० वाटतं, ते म्हणतं १४०. आपल्या भाषेत त्याने ठाय सोडून दुगुन धरली. यावर उपाय सोपा, आकडा निम्मा करा.

दुसरी घसरण समेची. बहुतेक सॉफ्टवेअर चार-चारचा हिशोब धरून चालतात. केरवा आठ मात्रांचा, तो त्यात बसतो. दादरा सहाचा, तुम्ही सांगितल्याशिवाय बसणार नाही. आणि रूपकाचं तर विचारूच नका. रूपकाची सम म्हणजेच खाली, तिथला बोल हलका. जोरदार ठोका म्हणजे पहिली मात्रा असं समजणारं यंत्र रूपकात हमखास दुसरीकडेच सम धरणार. तेव्हा सम कुठे, हे यंत्राला विचारू नका. ते तुम्ही ठरवा.

'ना' ची जागा आणि 'घे' ची जागा

आता ढोलकीकडे येऊ. शाईच्या बाजूचा 'ना' किंवा 'ता' घ्या. वेव्हफॉर्म मोठा करून बघितला तर भिंतीसारखी सरळ उभी रेघ दिसते. कुठे कापायचं यात वादच नाही. पण डाव्या बाजूचा घुमणारा 'घे' बघा. तो हळू उठतो, आणि मनगट दाबून सूर वर नेला असेल तर उठतच राहतो. शिवाय खर्जाचा आवाज मुळातच आळशी. ८० हर्ट्झच्या सुराचं एक आवर्तन व्हायलाच साडेबारा मिलिसेकंद लागतात. मग हा बोल नेमका सुरू कधी झाला? हात लागला तेव्हा, की आवाज भरला तेव्हा?

याला एकच एक उत्तर नाही, आणि यंत्र त्यातलं कुठलंही एक पकडतं. कधी हाताचा स्पर्श, कधी त्यानंतरचा फुगवटा. म्हणजे 'ना' बरोबर रेषेवर बसतो आणि 'घे' काही मिलिसेकंद इकडेतिकडे. वादकाने दोन्ही हातांनी मिळून जे नातं बांधलं होतं, ते आपण दोन वेगळ्या मापांनी मोजून तोडलं. ढोलकी यंत्राची वाटण्याचं हे पहिलं कारण.

ताशाचा त्रास याच्या उलट. तिथे काड्या इतक्या दाट पडतात की यंत्र शेकडो खुणा करून ठेवतं. अशा वेळी दोन खुणांमधलं किमान अंतर वाढवायचं, म्हणजे मुख्य आघात तेवढे उरतात.

सात सेकंद, चार बार

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. त्यासाठी जरा अमेरिकेत जाऊन येऊ, कारण कापाकापीचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना तिथला आहे.

१९६९ साली 'द विन्स्टन्स' नावाच्या बँडची एक रेकॉर्ड आली. तिच्या मागच्या बाजूला 'अमेन, ब्रदर' हे गाणं होतं. त्यात मध्येच सगळे थांबतात आणि ड्रमर ग्रेगरी कोलमन एकटा चार बार वाजवतो. साधारण सात सेकंद. पहिले दोन बार सरळ ठेका. तिसऱ्यात एक स्नेअर उशिरा येतो. चौथ्यात तर पहिली मात्रा तो मोकळीच सोडतो. मघाशी मी म्हटलं ना, मात्रा असते पण ठोका नसतो, त्याचं हे उत्तम उदाहरण.

हे सात सेकंद पुढे हिपहॉपवाल्यांनी उचलले, आणि नव्वदच्या दशकात इंग्लंडमध्ये 'जंगल' नावाचा अख्खा संगीतप्रकार त्यावर उभा राहिला. मूळ टेम्पो १३७ च्या आसपास. जंगलला हवा होता १६५ च्या घरातला. आता रेकॉर्डिंग नुसतं जोरात फिरवलं तर वेग वाढतो पण सूरही चढतो. या हिशोबाने तीन स्वरांहून थोडा जास्त, म्हणजे हार्मोनियमवर लागोपाठच्या तीन पट्ट्या मोजा. तो चढलेला सूर काहींना आवडायचाही. पण सूर तोच ठेवून वेग बदलायचा असेल तर एक युक्ती आहे: प्रत्येक ठोक्यावर काप, आणि तुकडे जवळ जवळ ठेव. तुकडा तोच, म्हणून सूर तोच. फक्त अंतर कमी. १९९४ साली स्वीडनच्या प्रोपेलरहेड कंपनीने 'रिसायकल' हे सॉफ्टवेअर काढलं ते नेमकं याचसाठी. पुढे २००१ साली आलेल्या एबलटन लाइव्हने न कापताही आवाज ताणून ग्रिडवर बसवणं सोपं केलं. आज तुमच्या लॅपटॉपवर जे होतं, त्याची मुळं इथे आहेत.

आता ऐका, आजच्या भागाचा मुद्दा इथे आहे. कोलमनचे चार बार प्रत्येक ठोक्यावर कापले आणि तुकडे काटेकोर रेषांवर ठेवले, तर त्याच्या ड्रमचा आवाज उरतो. त्याची लय उरत नाही. तेच चार बार अर्ध्या अर्ध्या बारचे मोठे तुकडे करून लावले, तर प्रत्येक तुकड्याच्या पोटात कोलमन जसाच्या तसा शाबूत असतो. कुठला ठोका किंचित आधी, कुठला किंचित मागे, सगळं.

म्हणजे तुकडा केवढा कापायचा हा नुसता सोयीचा प्रश्न नाही. लय कुणाची ठेवायची, हे त्यातून ठरतं. तुकडा लहान, लय यंत्राची. तुकडा मोठा, लय वादकाची.

आकडे घालून बघू

आपल्या श्रोत्याची ढोलकी घ्या. केरवा आहे असं धरू, टेम्पो ९६. आठ मात्रांचं एक आवर्तन म्हणजे चार बीट, म्हणजे अडीच सेकंद, २५०० मिलिसेकंद. एक मात्रा ३१२ मिलिसेकंदांची.

समजा वादकाने एक आवर्तन २४६० मिलिसेकंदांत वाजवलं, ४० मिलिसेकंद लवकर. तुम्ही फक्त समेवर कापलंत आणि ते अख्खं आवर्तन ताणून २५०० केलंत. किती ताणलं? दीड टक्क्याहून जरासं जास्त. कानाला ते कळणारही नाही. आतली सगळी नाती तशीच राहिली, आणि तुमचा बेस दर समेला ढोलकीला बरोबर भेटला.

याउलट प्रत्येक बोल रेषेवर ओढलात, आणि एखादा बोल वादकाने मुद्दाम २५ मिलिसेकंद मागे ठेवला होता, तर तुम्ही मात्रेच्या आठ टक्के इतकं अंतर पुसून टाकलंत. मागे ठेवलेल्या त्या बोलातच लावणीच्या ठेक्याची लचक असते. आपण ती चूक समजून दुरुस्त केली.

मग सरळ सांगतो. आधी फक्त समेवर कापा. भागत नसेल तर अर्ध्या आवर्तनावर या. एखाद्या ठिकाणी खरंच हात चुकलाय, ठोका घसरलाय, तर तेवढा एकच दुरुस्त करा. अख्ख्या रेकॉर्डिंगला औषध पाजू नका.

आणि क्वांटाइझ करायचंच असेल तर शंभर टक्के कधीच नको. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये 'स्ट्रेंग्थ' असते. ती ५०-६० वर ठेवा. ३० मिलिसेकंद मागे पडलेला ठोका ६० टक्क्यांवर १८ सरकतो, १२ मागेच राहतो. ढिलाई कमी होते, ढब राहते.

उलटा रस्ता

आता आणखी एक पाऊल. रेकॉर्डिंग ग्रिडकडे न्यायला हवं असं कुणी सांगितलंय? ग्रिडही रेकॉर्डिंगकडे येऊ शकतो.

आपलं बरंचसं संगीत एका टेम्पोत राहतच नाही. वारकरी भजन घ्या. संथ सुरू होतं आणि रंगत जाईल तशी लय चढते. शेवटी टाळ केवढ्या वेगात वाजतात! हे सगळं एका ९० च्या ग्रिडवर बसवणं म्हणजे चढणारा घाट सपाट करणं. इथे 'टेम्पो मॅप' करायचा. प्रत्येक समेवर एक खूण ठेवायची, आणि सॉफ्टवेअरला सांगायचं, हा तुझा बार, आता टेम्पो तूच बदलत जा. रीपर, लॉजिक, प्रो टूल्स, सगळ्यांत ही सोय आहे. मग ग्रिड वादकाच्या मागे चालतो आणि तुमचा कीबोर्ड ग्रिडच्या मागे.

लय मागेपुढे असणं मोजता येतं, हे यंत्रवाल्यांनाही जुनं माहीत आहे. रॉजर लिन या अमेरिकन अभियंत्याने १९८० च्या आपल्या ड्रम मशिनमध्ये 'स्विंग' दिला, आणि तोच पुढे १९८८ च्या एमपीसी ६० मध्ये आला. ५० टक्के म्हणजे दोन सोळावे भाग अगदी सारखे. १२० च्या टेम्पोला १२५-१२५ मिलिसेकंद. ५४ टक्के केलं की दुसरा ठोका फक्त १० मिलिसेकंद मागे जातो. दहा! पण ऐकून बघा, मान डोलायला लागते. आणि जे डिला या निर्मात्याने तर एमपीसीतलं क्वांटाइझच बंद ठेवून बोटांनी ठोके वाजवले. त्याचं ते मशिन आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलंय.

याचा आपल्याला उपयोग असा, की 'ग्रूव्ह' काढून घेता येतो. ढोलकीचे ठोके ग्रिडपासून किती मागेपुढे आहेत ती यादी सॉफ्टवेअर साठवतं, आणि तुम्ही ती तुमच्या बेसला लावू शकता. ढोलकी हलवायची नाही, बेसलाच ढोलकीच्या मागे चालायला लावायचं. बैठकीत संवादिनीवाला हेच तर करतो.

हाताने करायचं काम

आता पटापट कृती सांगतो.

पहिलं, मूळ फाइल बाजूला ठेवा. नक्कल करून तिच्यावरच काम करा.

दुसरं, यंत्राला विचारण्याआधी स्वतः ऐका. ऑडेसिटीमध्ये गाणं चालू ठेवून दर समेला कंट्रोल आणि एम दाबा, लेबल पडेल. बोट थोडं मागेपुढे होणारच. नंतर वेव्हफॉर्म मोठा करून प्रत्येक खूण आघातावर सरकवा. चार मिनिटांत शंभरेक समा. पंधरा-वीस मिनिटांचं काम, पण रेकॉर्डिंग तुमच्या अंगात उतरतं.

तिसरं, कापताना आघाताच्या एक-दोन मिलिसेकंद आधी कापा. बरोबर शिखरावर कापलंत तर बोलाचं नाक जातं. 'ना' चा 'आ' होतो. आणि वेव्हफॉर्म जिथे शून्याची रेघ ओलांडतो तिथे कापा, नाहीतर 'टक्' ऐकू येतं. वर तीन ते पाच मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या.

चौथं, शेपटीकडे लक्ष. टेम्पो वाढवलात तर तुकडे एकमेकांवर चढतात, घुमारा मध्येच तुटतो. कमी केलात तर मध्ये पोकळी पडते, आणि खोलीचा आवाज अचानक गायब झाल्यासारखा वाटतो. पोकळी बारीक असेल तर आधीच्या तुकड्याची शेपटी जरा ताणा. मोठी असेल तर टेम्पोच जास्त बदललाय असं समजा आणि मूळच्या जवळ या.

पाचवं, एकाहून जास्त माईक असतील तर सगळे ट्रॅक एका गटात बांधा आणि एकाच ठिकाणी, एकदम कापा. आवाज एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद घेतो. जवळचा माईक आणि दोन मीटरवरचा माईक यांच्यात सहा मिलिसेकंदांचं अंतर आहे, ते खोलीचं अंतर आहे. दोघांचे ठोके वेगवेगळे शोधून वेगवेगळे सरकवलेत की खर्ज पोकळ होतो. ढोलाच्या थापेच्या बाजूला एक आणि टिपरूच्या बाजूला एक माईक असेल तरी हाच नियम.

सहावं, डोळे मिटून ऐका. पडद्यावर रेषेला चिकटलेला ठोका बघून कान फसतात.

हात कुणाचा, पैसे कुणाचे

जाता जाता एक गोष्ट, पण तिला कमी लेखू नका.

त्या सात सेकंदांवर हजारो गाणी झाली. ग्रेगरी कोलमनला त्यातून एक पैसा मिळाला नाही. २००६ साली तो बेघर अवस्थेत गेला. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याच्यासाठी २०१५ साली चाहत्यांनी वर्गणी काढून २४,००० पौंड जमा केले. चाहत्यांनी, बरं का. कायद्याने नव्हे.

आपल्याकडे १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात वादक-गायकांचे हक्क आले, आणि २०१२ मध्ये व्यावसायिक वापरातल्या रॉयल्टीची तरतूदही झाली. पण कायदा कागदावर असतो आणि ढोलकीवादक त्याच्या गावात. त्यामुळे कापायला बसण्याआधी त्यांच्याकडे जा. हे तुकडे करून, सरकवून मी गाण्यात वापरणार आहे, असं समजेल अशा भाषेत सांगा. नुसतं 'रेकॉर्ड करू का' ही परवानगी त्याला पुरत नाही. संमती लिहून घ्या, नाव द्या, मोबदला आणि पुढच्या कमाईतला वाटा आधीच ठरवा. आणि गाणं झालं की प्रसिद्ध करायच्या आधी त्यांना ऐकवा. 'हे मी वाजवलंय' असं त्यांना वाटलं तर तुमचं स्लाइसिंग जमलं. 'हे मी नाही' म्हणाले, तर परत समेवर या आणि मोठे तुकडे कापा. याहून चांगली चाचणी कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही.

या आठवड्यासाठी गृहपाठ: हाताने वाजवलेलं एखादं मिनिटाचं रेकॉर्डिंग घ्या, तुमच्या स्वतःच्या टेबलावरच्या थापा असल्या तरी चालतील. त्याच्या तीन प्रती करा. एक प्रत्येक ठोक्यावर कापून शंभर टक्के रेषेवर, एक फक्त समेवर कापून, आणि एक न कापता टेम्पो मॅपने. तिन्हींवर तोच बेस ठेवा आणि घरातल्या अशा माणसाला ऐकवा ज्याला यातलं काही माहीत नाही. कुठलं आवडलं तेवढंच विचारा, आणि मला कळवा.

पुढच्या भागात याच विषयाची दुसरी बाजू घेऊ: गाणाऱ्याचा आवाज. तिथे आघातच नसतो, मग कापायचं कुठे? तोवर वाजवत राहा. भेटू.